पान्याआधी निदान

घरी गाडी दुरुस्त करण्याबद्दल आपल्याकडे दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, आताच्या गाड्या कॉम्प्युटरवर चालतात, बॉनेट उघडून सामान्य माणसाला काही कळायचं नाही, गाडी सरळ सर्व्हिस सेंटरला न्यावी. दुसरं म्हणतं, त्यात काय अवघड आहे? हजार-दीड हजारात ब्लूटूथ स्कॅनर मिळतो. तो लावायचा, मोबाइलवर कोड वाचायचा, कोडात ज्या पार्टचं नाव येईल तो ऑनलाइन मागवायचा आणि व्हिडिओ बघून बसवायचा. पहिलं मत भित्र्याचं आणि दुसरं धीटाचं, असं समजलं जातं. मला दोन्ही मतं एकाच उथळ समजुतीतून आलेली दिसतात. दुरुस्ती म्हणजे पार्ट बदलणं, आणि कोणता बदलायचा ते दुसऱ्या कुणीतरी सांगायचं, ही ती समजूत. एकाला सर्व्हिस ॲडव्हायझर सांगतो, दुसऱ्याला मोबाइलचा स्क्रीन. बिघाड नेमका कशामुळे झाला हा प्रश्न दोघंही स्वतःला विचारत नाहीत.

घरच्या दुरुस्तीचा गाभा निदानात आहे, पाना चालवण्यात नाही, असं माझं म्हणणं आहे. निदानाचं काम मालकाच्या हातून, घराखालच्या पार्किंगमध्ये, अनेकदा वर्कशॉपपेक्षाही चांगलं होऊ शकतं. ज्याला ते जमतं त्यानं आयुष्यात एकही बोल्ट स्वतः सोडवला नाही तरी चालेल. याउलट निदानाशिवाय पाना हातात घेणारा माणूस गॅरेजमधला अंदाजपंचे कारभारच घरी आणतो, आणि तोही जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली.

१. एका नावाखाली दोन कामं

दुरुस्तीत दोन वेगळी कामं असतात. काय बिघडलं आहे हे ठरवणं हे एक आणि बिघडलेलं बदलणं हे दुसरं. दोन्हींची कौशल्यं वेगळी, हत्यारं वेगळी, जागेची गरज वेगळी. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बेअरिंग बदलायला बहुतेक गाड्यांमध्ये प्रेस लागते. सस्पेन्शनचं काम झालं की व्हील अलाइनमेंट आलंच. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये यातलं काही करू नये, असं मी स्पष्टच म्हणेन.

निदानाला मात्र एक बरा मल्टिमीटर, एक स्कॅनर, टॉर्च, वही आणि वेळ एवढंच लागतं. वेळ ही मालकाकडे असलेली आणि वर्कशॉपकडे नसलेली गोष्ट आहे. सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला की दहा-पंधरा सेकंद इंजिन थरथरतं आणि मग सुरळीत होतं, अशी तक्रार घ्या. ही गाडी चालवत गॅरेजला नेली की पोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं असतं. ॲडव्हायझर चावी फिरवतो, गाडी पटकन सुरू होते, जॉब कार्डावर ‘ग्राहकाच्या म्हणण्यानुसार मिसिंग’ असं लिहिलं जातं, आणि मग प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग अशी ठरलेली कामं होतात. बिघाड तसाच राहतो. तो फक्त थंड इंजिनावर दिसतो, आणि थंड इंजिन फक्त मालकाच्या दारात मिळतं. रोज सकाळी कूलंटची पातळी बघणं, ती दर आठवड्याला किती उतरते ते वहीत लिहिणं, सुरू करताना सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का ते पाहणं, हे फक्त गाडीसोबत राहणाऱ्यालाच शक्य आहे. पातळी उतरते आहे आणि तसा धूरही दिसतो आहे, तर हेड गॅस्केटचा संशय धरून गॅरेजला जाता येतं. पातळी जागच्या जागी आहे, तर इंजेक्टर, प्लग, कॉइल या बाजूला जाता येतं. तपासाची दिशा वहीतल्या नोंदींनी ठरते आणि त्यासाठी एकही बोल्ट हलवावा लागत नाही.

२. कॉम्प्युटरला जे कधीच कळत नाही

गाडीतल्या बिघाडांचा मोठा हिस्सा असा आहे की त्याचा कोड उमटतच नाही. झिजलेला बुश, ढिली लिंक रॉड, वेडावाकडा झिजलेला टायर, जड झालेलं बेअरिंग यांना सेन्सर नसतो. स्कॅनर हिरवी खूण दाखवतो आणि गाडी खडखडत राहते.

ताशी ६० च्या पुढे गाडीतून घोंगावल्यासारखा आवाज येऊ लागतो, ही नेहमीची तक्रार. तिचा माग कसा काढायचा? पहिला प्रश्न, आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की गाडीच्या वेगाबरोबर? मोकळ्या, सरळ, सपाट रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना, इंजिन चालू ठेवूनच क्षणभर न्यूट्रल करायचं. फेऱ्या खाली आल्या आणि आवाज तसाच राहिला, तर इंजिन सुटलं. उरले टायर आणि व्हील बेअरिंग. दुसरा प्रश्न, लांब वळणावर आवाज बदलतो का? उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला आणि डाव्या वळणावर दबला, तर डाव्या बाजूच्या बेअरिंगवर संशय धरावा. वळणांनी काहीच फरक पडत नसेल, तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून पाहायचं. आवाज टायरबरोबर मागे गेला की प्रश्न मिटला. अट एवढीच की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी काय झालं ते लिहायचं.

ही पद्धत ज्याला येत नाही त्याच्या गाडीचे चारही टायर बदलले जातात, मग एक बेअरिंग, मग दुसरं. ‘हे बदलून बघू’ हे वाक्य आपल्या गॅरेजांमध्ये इतकं रुळलं आहे की त्यात बघणं मिस्त्रीचं आणि बदलण्याचा खर्च आपला, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

३. कोड कशासाठी जन्माला आला

स्कॅनरवरची श्रद्धा समजून घ्यायची तर तो कुठून आला ते पाहावं लागतं. गाडीनं स्वतःची तपासणी करावी ही सक्ती प्रथम कॅलिफोर्नियानं केली, आणि ती लॉस एंजेलिसच्या विषारी धुरक्याच्या पार्श्वभूमीवर. १९८८ च्या मॉडेलपासून तिथं पहिली, मर्यादित पद्धत आली. १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या अमेरिकेत ओबीडी-२ (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे हीच स्व-तपासणी) लागू झालं, आणि स्टिअरिंगखालचा सोळा पिनांचा सॉकेट सगळ्या कंपन्यांना सारखाच ठेवावा लागला. युरोपात पेट्रोल गाड्यांना ते २००१ मध्ये आलं. आपल्याकडे बीएस-४ च्या काळात, २०१० पासून पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा.

हा सगळा कायदा प्रदूषणाचा आहे. मालकाला दुरुस्ती सोपी जावी म्हणून तो झाला नाही. चेक इंजिनचा दिवा लागतो तेव्हा संगणक एवढंच सांगत असतो की अमुक माप ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेलं. ते का गेलं हे त्याला ठाऊक नसतं. पी-०४२० चा अर्थ, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली. लोक हे वाचतात आणि कन्व्हर्टरची किंमत विचारायला धावतात. तो गाडीतल्या महागड्या पार्टांपैकी एक. पण एक्झॉस्टच्या जोडातून हवा आत शिरत असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. आणि कन्व्हर्टर खरोखर मेला असेल, तरी त्याला कुणी मारलं हा प्रश्न उरतोच. बहुतेक वेळा एखाद्या सिलिंडरमधलं मिसिंग किंवा इंजिनात जळणारं ऑइल हे मारेकरी असतात. ते न शोधता नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही त्याच वाटेनं जातो.

पी-०३०१ म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. इथं गॅरेज कॉइल बदलतं, कधी चारही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत एकही रुपया खर्च न करता निकाल लागतो. इंजिन बंद आणि थंड असताना एक नंबरची कॉइल दोनवर आणि दोनची एकवर बसवायची. कोड पुसून गाडी चालवायची. आता पी-०३०२ आला तर कॉइल दोषी. पुन्हा पी-०३०१ च आला तर कॉइल निर्दोष. मग हाच प्रयोग प्लगचा. तरीही मिसिंग जागचं हललं नाही तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. संशयिताला जागा बदलायला लावायची आणि गुन्हा त्याच्याबरोबर जातो का ते पाहायचं, ही युक्ती घरच्या निदानात सोन्याच्या मोलाची आहे.

कोड पुसण्याची घाई मात्र करू नये. कोड उमटला त्या क्षणी इंजिनाच्या फेऱ्या किती होत्या, वेग किती, कूलंटचं तापमान किती, इंजिनावर भार किती, याची एक नोंद संगणक जपून ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ही नोंदही जाते. ‘दिवा घालवून देतो’ म्हणणारा माणूस तुमचा पुरावा नष्ट करत असतो. आधी फोटो काढा, मग पुढचं बोला.

४. इंधनाचा हिशेब

हा भाग मी जरा सविस्तर मांडतो, कारण घरच्या माणसाला मिळालेलं सर्वांत ताकदवान साधन इथं आहे आणि बहुतेक स्कॅनरधारक ते कधी उघडूनही पाहत नाहीत.

पेट्रोल इंजिनात एक भाग इंधनाला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर ज्वलनानंतर उरलेला प्राणवायू पाहतो आणि संगणक त्यानुसार इंधन वाढवतो किंवा कमी करतो. ही दुरुस्ती टक्क्यांत दिसते. त्या क्षणापुरती असते ती शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम, आणि सवयीनं मुरलेली ती लाँग टर्म. दोन्हींची बेरीज उणे दहा ते अधिक दहाच्या आत असेल तर सहसा चिंता नसते. अधिक पंचवीसच्या आसपास गेली की संगणक हात टेकतो आणि पी-०१७१ उमटवतो: मिश्रण पातळ. आता गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलला जाण्याची शक्यता दाट. ज्याने खबर दिली त्यालाच शिक्षा.

ट्रिम कधी चढते हे पाहिलं तर कारण बरंच स्पष्ट होतं. ज्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर आहे, तिथं आयडलला अधिक अठरा आणि अडीच हजार फेऱ्यांवर अधिक चार असं दिसलं, तर सेन्सरच्या पुढे कुठून तरी न मोजलेली हवा शिरते आहे. तडकलेला होज किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट. फटीचं माप ठरलेलं असतं. इंजिन जास्त हवा ओढू लागलं की त्या फटीतून येणाऱ्या हवेचा वाटा नगण्य होतो, म्हणून ट्रिम उतरते. याच्या उलट, आयडलला सगळं ठीक आणि खंबाटकीचा घाट चढताना ट्रिम विसावर, तर इंजिन मागतं तेवढं पेट्रोल पोचत नाही. फिल्टर तुंबला किंवा पंप थकला. कोड दोन्हीकडे एकच, पण एकीकडे काही रुपयांचा रबरी पाइप आणि दुसरीकडे टाकीतला पंप.

हा नियमही डोळे मिटून वापरायचा नाही. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत एअर फ्लो सेन्सर नसतो. मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज बांधला जातो. अशा गाडीत फट पडली की दाब वाढतो, संगणक इंधनही वाढवतो, आणि पातळ मिश्रणाऐवजी चढलेलं आयडल ही खूण दिसते. तसंच मिसिंग होत असेल तर न जळलेला प्राणवायू सेन्सरपर्यंत पोचतो आणि मिश्रण पातळ असल्याचा भास होतो. म्हणून मिसिंग आधी सोडवायचं. आणि पेट्रोलमधल्या इथेनॉलचा विचार करायचा. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू आहे, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला हवा कमी, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. दहा टक्क्यांच्या मिश्रणासाठी बेतलेल्या गाडीत त्यामुळे ट्रिम चारेक टक्के वर सरकली तर तो बिघाड नाही. म्हणूनच गाडी निरोगी असतानाच तिचे आकडे लिहून ठेवावेत. आपल्या गाडीचं नेहमीचं माप ठाऊक नसेल तर बिघडलेलं माप ओळखणार कशावरून?

५. करंट वाहत असताना मोजा

सेल्फ जड फिरतो. बॅटरी नवी टाकली, दोन दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. मग स्टार्टर मोटर काढून दिली जाते. कोकणात किंवा वसई-विरारसारख्या खाऱ्या हवेच्या पट्ट्यात या गोष्टीचा शेवट पुष्कळदा इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीपाशी होतो. वरून ती ठीक दिसते. मल्टिमीटरनं रोध मोजला तर जवळजवळ शून्य येतो. मग दोष कुठून सापडणार?

इथं गणित उपयोगी पडतं. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर शंभर ते दोनशे ॲम्पिअर ओढतो. गंजलेल्या जोडाचा रोध एक शतांश ओहम धरा आणि करंट दीडशे ॲम्पिअर. गुणाकार दीड व्होल्ट. बाराच्या बॅटरीतला दीड व्होल्ट त्या जोडातच उष्णता होऊन जातो. साध्या मल्टिमीटरला एक शतांश ओहम दिसतच नाही; त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याहून जास्त असतो. म्हणून रोध मोजायचा नाही, चालू कामात व्होल्टेज किती पडतं ते मोजायचं. मीटर वीस व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, फिरत्या पट्ट्यापासून लांब. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला. दुसऱ्या माणसानं सेल्फ मारायचा. त्या दोन-तीन सेकंदांत मीटरनं ०.२ व्होल्टच्या आत दाखवलं तर अर्थिंग निरोगी. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर टोक एकेक जोड मागे आणत जायचं. ज्या जोडावर आकडा एकदम कोसळतो, दोष त्याच्या आणि आधीच्या जागेच्या मध्ये. तिथं पाना, सँडपेपर आणि ग्रीस.

विद्युत बिघाडांत आपल्याकडे जी उधळपट्टी होते ती या एका चाचणीनं खूप कमी होईल. बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ म्हणजे अल्टरनेटर कामावर. हे आकडे पाठ असलेल्या माणसाला कुणी उगाच बॅटरी विकू शकत नाही.

६. जुन्या गाड्या सोप्या होत्या का?

‘पद्मिनीच्या काळात कुणालाही गाडी दुरुस्त करता यायची’ हे वाक्य मी आदरानं ऐकतो, पण मला ते खरं वाटत नाही. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० यांचे पार्ट खोलायला सोपे होते. निदान सोपं नव्हतं. कार्ब्युरेटरमध्ये कचरा आहे, सीबी पॉइंट जळालेत, कंडेन्सर गेलाय की टायमिंग सरकलंय, हे सगळं मिस्त्रीच्या कानावर आणि प्लगच्या रंगावर ठरायचं. तो कान वर्षानुवर्षांच्या सरावातून तयार होई आणि दुसऱ्याला देता येत नसे. टॅक्सीवाले ते शिकले कारण ते दिवसभर गाडीसोबत होते. इतर मालक मिस्त्रीवर विसंबून होते, आजच्यासारखेच.

आज इंजिनाचा भार, इंधनाची ट्रिम, थ्रॉटल किती उघडलं, तापमान किती, हे सगळं दारात उभ्या गाडीतून आकड्यांत वाचता येतं. कान वैयक्तिक असतो; आकडा लिहून ठेवता येतो, दुसऱ्याला दाखवता येतो, सहा महिन्यांनी ताडून पाहता येतो. संगणकानं गाडी मालकापासून लांब नेली या समजुतीत एवढंच तथ्य आहे की मालकानं आकडे वाचायची सवय लावून घेतली नाही.

७. निदान करणारा आणि पार्ट विकणारा एकच

आता पैशाची बाजू. मजुरी वाचते म्हणून घरी दुरुस्ती करा, असं सगळे सांगतात. मजुरी आपल्याकडे तशी स्वस्त आहे. खरा पैसा जातो तो गरज नसताना बदललेल्या पार्टांत. काय बिघडलं हे ठरवणारा आणि नवा पार्ट विकून नफा मिळवणारा जिथं एकच असतो, तिथं प्रामाणिक माणसाचाही कल बदलण्याकडे झुकतो. त्याला तास-दोन तास तपासत बसण्याचे पैसे कुणी देत नाही. पार्ट बदलण्याचे मिळतात. आपण ग्राहकच ‘नुसतं चेक करायचे पाचशे?’ म्हणून भांडतो आणि पाच हजारांचा पार्ट निमूट घेतो. निदानाला किंमत न देण्याची ही सवय ग्राहकानं स्वतःच लावली आहे.

याची दुसरी बाजू बाजारातल्या ताकदीची. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणं हा आक्षेपाचा गाभा होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण आयोगानं मांडलेला मुद्दा माझ्या दृष्टीनं टिकून आहे: निदानाचं साधन ज्याच्या ताब्यात, दुरुस्तीचा बाजार त्याच्या ताब्यात.

८. घेतले जाणारे आक्षेप

सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे आणि मी तो पूर्ण मान्य करतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. स्टँड नसतील तर काम नको. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडू नये. आतलं दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही, आणि झाकण सुटताच एकदम वाफ होऊन अंगावर येतं. एअरबॅगच्या वायरींना मीटर लावू नये. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांमधल्या नारिंगी केबलींकडे हात न्यायचा नाही, तिथं शेकडो व्होल्ट असतात. ब्रेकचं काम शिकलेल्या माणसासमोर केल्याशिवाय एकट्यानं करू नये. पण ही यादी नीट पाहिली तर तीत बहुतेक गोष्टी खोलण्या-बदलण्याच्या आहेत. स्कॅनर वाचणं, अर्थिंगचं व्होल्टेज मोजणं, कूलंटची पातळी लिहिणं यांनी कुणाचा जीव जात नाही. धोक्याचा आक्षेप जितका खरा, तितका तो निदानाकडे वळण्याच्या बाजूनं जातो.

वॉरंटी जाईल, हा दुसरा. वॉरंटीतल्या गाडीच्या वायरिंगला हात लावू नये हे बरोबर. डेटा वाचल्यानं गाडीत काही बदलत नाही. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, चुकीच्या कामानं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असं त्याच २०१४ च्या आदेशात आयोगानं म्हटलं होतं. एक पथ्य मात्र पाळावं: स्वस्त स्कॅनर सॉकेटमध्ये कायमचा खुपसून ठेवू नये. तो बॅटरी खातो.

तिसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो: मालक शहाणे झाले तर गल्लीतल्या मिस्त्रीचं काय? आयटीआयमधून बाहेर पडलेला मुलगा कर्ज काढून गॅरेज टाकतो, त्याचं पोट पार्टांवरच्या मार्जिनवर चालतं. माझा अनुभव असा की निदानाची किंमत कळलेला ग्राहकच मिस्त्रीला तपासणीचे पैसे खळखळ न करता देतो. ‘मिसिंग एक नंबरला आहे, कॉइल बदलून पाहिली, कोड तिथंच राहिला, आता कॉम्प्रेशन बघा’ एवढं सांगणारा मालक आला की चांगल्या मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचतो आणि त्याच्या हुशारीला वाव मिळतो. अडचण होते ती फक्त बदलून बघणाऱ्याची.

वेळ कुणाला आहे, या आक्षेपाला माझ्याकडे छोटंसंच उत्तर आहे. गाडी तीनदा गॅरेजला नेऊन आणण्यात जातो त्याहून कमी.

९. कुलूपबंद डेटा

हे सगळं खरं असलं तरी येत्या काळात ते शक्य राहील याची खात्री नाही, आणि म्हणून हा विषय छंदापुरता राहत नाही. सोळा पिनांच्या सॉकेटवर कंपन्या कुलूप लावू लागल्या आहेत. फियाट-क्रायसलरनं २०१८ च्या सुमारास अमेरिकेतल्या गाड्यांमध्ये असा दरवाजा बसवला. परवानगीशिवाय काही गोष्टी वाचता येतात, पण कोड पुसणं किंवा एखादा भाग चालवून पाहणं बंद. पुढची पायरी, गाडीचा डेटा सॉकेटवर न देता थेट मोबाइल नेटवर्कवरून कंपनीकडे पाठवणं. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूनं कौल दिला आणि २०२० मध्ये हा बिनतारी डेटाही त्या हक्कात आणला. कंपन्या लगेच कोर्टात गेल्या.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक पोर्टल सुरू केलं. मोबाइल, घरगुती उपकरणं आणि शेतीच्या अवजारांबरोबर वाहनंही त्यात आहेत. पोर्टलवर कस्टमर केअरचे नंबर आणि वॉरंटीची माहिती असणं ही सुरुवात आहे, हक्क नाही. वायरिंगचे नकाशे, प्रत्येक सेन्सरची योग्य मापं आणि कोड उमटण्याच्या नेमक्या अटी विकत का होईना, पण कुणालाही मिळाल्या पाहिजेत.

त्याआधी करता येण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला कायद्याची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक जॉब कार्डावर बदललेल्या पार्टचं नाव, नंबर आणि किंमत असते. त्याच्याशेजारी आणखी एक रकाना मागायला आपण सुरुवात करावी: हा पार्ट कोणत्या चाचणीवरून बाद ठरवला, आणि त्या चाचणीत माप काय आलं. ‘अल्टरनेटर बदलला’ याच्यापुढे ‘चार्जिंग १२.१ व्होल्ट, वायरिंग तपासलं, ड्रॉप ०.१’ असं लिहिलेलं असेल तर मी तो खर्च आनंदानं देईन. रकाना रिकामा असेल तर काढलेला जुना पार्ट डिकीत ठेवायला सांगेन, घरी आणून मीटर लावेन, आणि पुढच्या वेळी गाडी कुठं न्यायची ते त्यावरून ठरवेन.